त्या मुलीचं पुढे काय झालं

पत्रावर माझं नाव बरोबर लिहिलेलं होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. डॉक्टर नीरजा देवस्थळी, संख्याशास्त्र विभाग. आमच्या कॉलेजात हे नाव नोटिशीवर देवस्थळे होतं, वेळापत्रकात देवधर होतं आणि एकदा तर मी वर्षभर श्री. होते. विभागाचे क्लार्क श्यामसुंदर पाकीट दोन्ही हातांत धरून आले आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाले, "राणीचं पत्र आलंय. वाचून झालं की तिकीट मला द्या, नातवाला हवंय." मी तिकीट आधीच कापून दिलं. मग हातातल्या उत्तरपत्रिका बाजूला सारून पत्र उघडलं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठानं लिहिलं होतं, की आपली विद्यार्थिनी दीपमाला इंगोले हिला पदव्युत्तर शिक्षणासाठी आमची संपूर्ण शिष्यवृत्ती द्यायचं ठरलं आहे. प्रवास, राहणं, फी, सगळं त्यात आलं. अकराशे अर्जांतून चार जण निवडले होते आणि त्यांतली ही एक होती. इथवर ठीक होतं. पुढे लिहिलं होतं, की निवड समितीनं आपल्या शिफारसपत्राची खास दखल घेतली, इतकं प्रामाणिक शिफारसपत्र आमच्या वाचनात क्वचित येतं, त्यातला एक परिच्छेद आम्हांला शिष्यवृत्तीच्या पुस्तिकेत छापायचा आहे. सोबत एक फॉर्म होता. हा मजकूर माझा आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, असं म्हणून सही करायची, आणि खाली विद्यार्थिनीबद्दल स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या. फॉर्म वीस जुलैपर्यंत पोचला, की मुलीला अंतिम कागदपत्रं पाठवणार होते. नाही पोचला तर काय, ते लिहिलं नव्हतं. ते लिहायची गरजही नव्हती.

मी ते शिफारसपत्र लिहिलं नव्हतं. वाचलंही नव्हतं. आणि दीपमाला इंगोले म्हणजे कोण, तेही मला आठवत नव्हतं.

आमच्याकडे शिफारसपत्रं मास्तर लिहीत नाहीत, हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिकडे कुणालाच नसतं. मुलगा येऊन म्हणतो, सर, रेको हवा होता. सर म्हणतात, ड्राफ्ट घेऊन ये. कॉलेजच्या समोर, नगर रस्त्याच्या पलीकडे, एका कॉम्प्युटरवाल्याकडे तयार नमुने असतात, त्यात नाव आणि विषय बदलायचा. मग श्यामसुंदरांकडून कॉलेजचं लेटरहेड घ्यायचं, त्यावर छापायचं, मास्तरांनी सही ठोकायची, पाकीट बंद करायचं, पाकिटाच्या जोडावर आडवी दुसरी सही, शिक्का, वरून चिकटपट्टी. पाकीट इतकं कडेकोट बंद करायचं, की आत आपण काय म्हटलंय ते आपल्यालाही कळू नये. दोन हजार सालच्या त्या उन्हाळ्यात तर विचारू नका. ज्याला त्याला अमेरिका नाहीतर इंग्लंड, आणि ज्याला तिकडे जमत नव्हतं त्याला सॉफ्टवेअर कंपनी. माझ्या सहीनिशी एका वर्गातली निदान चाळीस मुलं पहिल्या पाच टक्क्यांत होती. मी संख्याशास्त्र शिकवते. या गोष्टीचं मला हसू यायचं, स्टाफरूममध्ये मी ती विनोद म्हणून सांगायची, आणि कुणी विचारलं की तुम्ही स्वतः का नाही लिहीत, तर म्हणायची, वेळ कुठंय हो, चार चाळीसची बस. ते खरं कारण नव्हतं. खऱ्या कारणाकडे मी त्या दिवसापर्यंत नीट पाहिलं नव्हतं.

पत्रासोबत तो परिच्छेद वेगळ्या कागदावर टाइप केलेला होता. इंग्रजी साधं होतं, कॉम्प्युटरवाल्याच्या नमुन्यातलं नक्कीच नव्हतं. त्याचा अर्थ असा: 'निर्णयशास्त्र शिकवताना मी दर वर्षी एक उदाहरण देते. एका मुलीला परदेशी शिष्यवृत्ती मिळते. जावं की राहावं? मी फळ्यावर नुकसानीचा तक्ता मांडते आणि जास्तीत जास्त नुकसान कमीत कमी ठेवण्याच्या नियमानं दाखवून देते, की तिनं घरी राहावं. मुलं तक्ता उतरवून घेतात. इतक्या वर्षांत फक्त दीपमाला तास संपल्यावर थांबली आणि तिनं मला विचारलं, मॅडम, त्या मुलीचं पुढे काय झालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, जी मुलगी हा प्रश्न विचारते, ती दारापर्यंत जाऊन परत फिरणार नाही. परत फिरण्याबद्दल मला थोडी माहिती आहे.'

मी तो कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्यावर पेपरवेट ठेवला. समोर बसलेल्या भौतिकशास्त्राच्या बाई डबा उघडत होत्या. त्यांनी विचारलं, "काय हो, काही वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही, चांगली आहे. आपल्या एका मुलीला स्कॉलरशिप मिळाली." "अरे वा, कुणाला?" "इंगोले." "कोण इंगोले?" त्या म्हणाल्या, आणि मी म्हटलं, "आहे एक." एकवीस वर्षं मी ते उदाहरण फळ्यावर लिहीत होते. जाणं चांगलं ठरलं तर नुकसान शून्य, वाईट ठरलं तर दहा. राहिलो आणि जाणं चांगलं ठरणार होतं तर हळहळ सहा, नाहीतर शून्य. दहापेक्षा सहा बरे. म्हणून घरी राहा. उदाहरण पुस्तकातलं नव्हतं, पण पुस्तकातलं वाटेल असं मी ते घासून गुळगुळीत केलं होतं. शहराचं नाव नाही, साल नाही, मुलीला नाव नाही. आवाज मी मुद्दाम कंटाळलेला ठेवायची. आणि मागच्या कुठल्यातरी बाकावर बसून कुणीतरी त्यातून मला वाचलं होतं, ती मला, जी मी घरात माझ्या नवऱ्यालाही कधी दाखवली नव्हती.

ती मुलगी मी होते, एवढं आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत होतं. सत्त्याहत्तर साली मला इंग्लंडची शिष्यवृत्ती मिळाली होती आणि मी गेले नव्हते, ही आमच्या घरातली सांगण्याजोगी गोष्ट होती. तिचा शेवटही सगळ्यांना माहीत होता. वडिलांनी पाठवलं नाही. माझे वडील, अण्णा, शाळेत भूगोल शिकवत. पेन्शनीला आलेला माणूस, एकुलती एक मुलगी, काळ तो, तर कसं पाठवतील, असं म्हणून लोक अण्णांना अर्धी माफीही देत. मी तिथं बसलेली असले तर माझ्याकडे बघून कुणी चुकचुकत. मी ते चुकचुकणं ठेवून घेत असे. अण्णांना जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती.

खरं काय झालं होतं ते असं. त्या वेळी मला शिफारसपत्र देणाऱ्या आमच्या सरांनी ते स्वतः लिहिलं होतं, टाइपरायटरवर दोन बोटांनी, दोन संध्याकाळी बसून. आणि बंद करण्याआधी मला वाचायला दिलं होतं. म्हणाले, वाच, स्वतःबद्दल माणसानं एकदा तरी काहीतरी चांगलं वाचावं. मी वाचलं. त्यात एक मुलगी होती. ती निर्भय होती, तिची बुद्धी स्वच्छ होती, ती कुठल्याही खोलीत गेली तरी तिथं प्रश्न विचारील असं सरांनी लिहिलं होतं. मला ती फार आवडली. शिष्यवृत्ती तिला मिळाली. आणि जसजसा सप्टेंबर जवळ आला तसतशी मला खात्री पटत गेली, की तिकडचे लोक विमानतळावर तिची वाट बघत असणार, आणि उतरणार मी. पुढे मास्तर झाल्यावर कुणाबद्दल असं पत्र लिहायला माझा हात धजला नाही, तो म्हणूनच. थंडीची मला भीती नव्हती, भाषेची नव्हती. अण्णांनी त्या विद्यापीठाच्या गावाच्या बारा महिन्यांच्या तापमानाचा आलेख काढून माझ्या टेबलावर लावला होता आणि कॅम्पातून एक जुना ओव्हरकोट आणून दारामागच्या खुंटीला टांगला होता. आलेखाखाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, जानेवारीत जपावे. मी तो कोट रोज पाहायची. एका दुपारी घरात कुणी नसताना मी विद्यापीठाला लिहून टाकलं, की घरगुती अडचणींमुळे मला येता येणार नाही. घरगुती अडचणी. पाकीट पोस्टाच्या पेटीत पडल्याचा आवाज झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. ही मला आजही सगळ्यांत लाजिरवाणी वाटणारी गोष्ट आहे, की मला रडू आलं नाही, बरं वाटलं. घरी येऊन मी पोहे करून खाल्ले.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाचं उत्तर आलं. आपला नकार मिळाला, खेद वाटतो. आमच्याकडे परदेशी पत्र कुणाच्याही नावाचं असलं तरी अण्णाच उघडत, कारण त्यांना तिकीट न फाडता पाकीट उघडता यायचं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, घडी केली आणि माझ्या हातात दिलं. मी त्यांनी विचारायची वाट बघत होते. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. संध्याकाळी माझे काका आले, कधी निघायचंय म्हणाले, आणि मी चहाचा ट्रे हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना अण्णा म्हणाले, "नाही पाठवत. मीच नको म्हटलं. एकटी मुलगी, झेपायचं नाही मला." काका त्यांना वाट्टेल ते बोलले. मास्तर असून असा, शाळेत काय शिकवतोस पोरांना, म्हणाले. अण्णा ऐकून घेत होते. मी ट्रे ठेवला. काकांच्या कपात साखर जास्त लागते म्हणून अर्धा चमचा वर घातला. आणि गप्प राहिले. त्या संध्याकाळपुरती गप्प बसणार होते, नंतर काकांना सांगणार होते. मग माझं लग्न ठरलं, मग नोकरी, मग तो ओव्हरकोट गावाकडच्या कुणा नातेवाइकानं नेला, आणि गोष्ट घट्ट झाली. माझ्या तक्त्यात चार रकाने होते. त्यात अण्णांसाठी रकाना नव्हता.

पुढचे दोन दिवस मी दीपमाला इंगोले शोधत होते. हजेरीपटात ती सापडली, एक्केचाळीस नंबर, दोन वर्षांत तीन तास गैरहजर. प्रवेशअर्जावर फोटो होता, पण झेरॉक्सची झेरॉक्स झाल्यामुळे त्यात दोन वेण्या आणि एक काळा चौकोन एवढंच दिसत होतं. गाव वाशीम जिल्ह्यातलं. सध्या राहणार वाघोली. मी डोळे मिटून तो वर्ग आठवून पाहिला. पुढच्या दोन रांगांतले चेहरे आले, त्यांच्यामागे नुसत्या माना आणि वह्या. सही केल्याचं मात्र पुसट आठवलं. बसच्या पायरीवर माझा एक पाय होता आणि एका हातानं कुणीतरी फायलीवर कागद सपाट धरला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून. हात सावळा होता, नखाला शाई होती. हातापासून वर मी बघितलंच नव्हतं. या गोष्टीनं मला इतकं एकटं वाटलं, की कॉलेजच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी येरवडा येईपर्यंत रडले, आणि शेजारच्या बाईंना सांगितलं की धुळीची ॲलर्जी आहे. कुणी आपल्याकडे लक्ष देत नाही, हे दुःख मी पुष्कळ वर्षं जवळ बाळगलं होतं. एक माणूस दोन वर्षं माझ्याकडे लक्ष देऊन बसलं होतं आणि तेव्हा माझी नजर फळ्यावर नाहीतर घड्याळाकडे होती.

त्या दोन दिवसांत मी खरं सांगायचाही विचार केला. विद्यापीठाला लिहायचं, की महोदय, हा मजकूर माझा नाही, विद्यार्थिनीनं स्वतःबद्दल लिहिलेला आहे, आमच्याकडे अशी रीत आहे. नियमानं तेच बरोबर होतं, आणि आयुष्यात एकदा नियमानं वागायची मला भयंकर हुक्की आली होती. पण मग ते मुलीला काय लिहितील, हे मला शब्दन्शब्द माहीत होतं. खेद वाटतो. ते पत्र ती वाघोलीतल्या तिच्या खोलीत उभ्याउभ्या वाचील, आणि तिच्यासाठी मीच नको म्हटलं असं म्हणणारं कुणी तिथं नसेल. अर्जावर तिचा फोन नंबर होता, पुढे पी.पी. लिहिलेला, म्हणजे शेजाऱ्यांचा. मी श्यामसुंदरांना फोन करायला सांगितलं. ते म्हणाले, "काय निरोप देऊ? अभिनंदन की आणखी काही?" मी म्हटलं, "नुसतं ये म्हणून सांगा." ते म्हणाले, "नुसतं ये म्हटलं की मुलं घाबरतात," आणि फोन लावायला गेले.

गुरुवारी ती आली. चेहरा पाहून ओळख पटेल, असं मला वाटत होतं, नाही पटली. रुंद कपाळाची, बारीक चणीची मुलगी होती, केस आता कापलेले, गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र, हातात पेढ्यांचा खोका. ती माझ्या पाया पडली आणि उठताना टेबलाचा कोपरा तिच्या डोक्याला लागता लागता राहिला. मी तिला बसवलं. कंपनीत टेस्टिंग करते म्हणाली, अर्धा दिवस सुटी टाकून आले म्हणाली. मग मी काही बोलायच्या आत तिनं पर्समधून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, मलाही त्यांचा मेल आला. फॉर्ममध्ये दोन ओळी लागतील ना खाली, त्याचा ड्राफ्ट आणलाय. पटलं नाही तर चेंज करते लगेच, समोर पीसी आहे." मला हसूही आलं आणि तोंडात मारल्यासारखंही झालं. ती सरळ मनानं आली होती. मास्तरांना त्रास होऊ नये म्हणून मास्तरांचं काम स्वतः करून आणायचं, हे आम्हीच तिला शिकवलं होतं.

मी तो कागद उघडला नाही. टाइप केलेला परिच्छेद तिच्यासमोर ठेवला. "हे तू लिहिलंस?"

तिचा चेहरा उतरला. "सॉरी मॅडम. सगळे नमुन्यातलंच देतात. मीही तेच दिलं असतं तर माझं नाव कशाला घेतलं असतं त्यांनी? माझे मार्क काही फार नव्हते. तुम्ही वाचाल असं वाटलं होतं. वाचून ओरडाल, मग साधं करून आणू."

"मी वाचलं नाही."

"हो मॅडम. बस आली होती."

बाहेर नगर रस्त्यावर ट्रक गिअर बदलत चालले होते. मी विचारलं, "तू मला खरंच विचारलं होतंस का? तास संपल्यावर?" हे विचारताना माझा आवाज मलाच परका वाटला, कारण मला तिनं हो म्हणायला हवं होतं. हो म्हटलं असतं तर दोष माझ्या विसरभोळेपणाचा झाला असता, आणि तेवढा मी चालवून घेतला असता.

"नाही," ती म्हणाली. "विचारणार होती मॅडम." गेली पाच वर्षं तिनं निगुतीनं सांभाळलेली पुण्याची भाषा तेवढ्या एका शब्दात सुटली आणि तिला ते कळलं नाही. "दोन दिवस आले होते तुमच्या मागे. एकदा जिन्यापर्यंत, एकदा गेटपर्यंत. तुम्ही घाईत होता. मग वाटलं, जाऊ दे, आपल्याला काय. पण ते डोक्यातून जाईना. तुम्ही तक्ता काढताना नेहमी खडूनं चौकोन करता, पण त्या दिवशी ते सहा लिहिलं ना तुम्ही, हळहळ सहा, ते लिहून पुसलं, मग परत सहाच लिहिलं. मला वाटलं, ही मॅडमचीच गोष्ट आहे."

मी पुसलं होतं, हे मला माहीत नव्हतं. एकवीस वर्षांत किती वेळा पुसलं असेल कुणास ठाऊक. मला एकदम असं वाटलं, की आता सगळं सोपं आहे. ही मुलगी समोर बसली आहे, खोलीत दुसरं कुणी नाही, तास नाही. तिनं प्रश्न विचारायचा, मी उत्तर द्यायचं, म्हणजे त्या कागदावर लिहिलं आहे ते उशिरा का होईना घडेल, आणि मग सही खोटी ठरणार नाही. मनातल्या मनात मी सुरुवातही केली होती, खुंटीवरच्या कोटापासून. मी पुढे वाकून म्हटलं, "मग आता विचार."

"काय मॅडम?"

"तेच. त्या मुलीचं पुढे काय झालं."

तिला समजलं होतं. मी आयुष्यात कुणाकडे काही इतक्या उघडपणे मागितलं नव्हतं, तेही तिला समजलं असावं, कारण तिनं खाली बघितलं आणि पेढ्यांच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळायला लागली. "नको मॅडम," ती म्हणाली. "राग मानू नका. आत्ता नको. मला रोज रात्री वाटतं, मेल करून टाकावा त्यांना की नाही येत. घरून आई म्हणते जा, बाबा म्हणतात जा, कुणी अडवत नाही, तरी वाटतं. तुम्ही सांगितलं की ती मुलगी सुखात आहे, तर मी म्हणेन मग राहिलं तरी चालतं. आणि सुखात नाही म्हणालात, तर मला तुमच्यासाठी वाईट वाटेल, ते घेऊन मला जाता येणार नाही. तिकडून आले की विचारते. नक्की विचारते."

परत आल्यावर ही मला शोधत येणार नाही, हे मला दिसत होतं. ती कुठल्या कुठे जाईल, आणि तसंच व्हायला हवं. तरी क्षणभर मला तिचा खराखुरा राग आला. आपल्याला हवं ते उचलून घेऊन लोक निघून जातात तेव्हा येतो तसला. मग तो गेला. मी तिचा ड्राफ्ट घडी न उघडताच तिला परत दिला, पेन काढलं आणि फॉर्मच्या खालच्या भागात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'दीपमाला इंगोले घाबरते. तरीही ती येईल. हे मी स्वतः पाहिलं आहे.' दोन ओळी म्हटलं होतं, माझ्या दीड झाल्या. वर सही केली. हा मजकूर माझा आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. असल्या खोट्या सह्या मी शंभर केल्या असतील, पण वाचून केलेली ही पहिलीच. तिनं मान वाकडी करून त्या ओळी वाचल्या, ओठ घट्ट मिटले आणि म्हणाली, "थँक्यू मॅडम." पाकीट कुरियरनं मीच पाठवते म्हणाली. जिना उतरतानाचा तिचा आवाज ऐकू आला, भराभर, मधली एक पायरी गाळून.

घरी पोचले तेव्हा सहा वाजले होते. मार्केट यार्डाच्या चौकात ट्रक अडकले होते म्हणून शेवटचा टप्पा मी बिबवेवाडीच्या चढावर चालतच आले. माझा नवरा अनंत बँकेतून आला होता आणि समोरच्या फ्लॅटमधल्या पद्मजाबाई बसल्या होत्या. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल त्यांचं काहीतरी चाललं होतं. मी पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवला. अनंत म्हणाला, "कशाचे? तुमच्या कॉलेजात कुणी पास झालं की काय?" मी सांगितलं, एका मुलीला इंग्लंडची स्कॉलरशिप मिळाली, सगळा खर्च धरून. "अरे वा," पद्मजाबाई म्हणाल्या. अनंतनं एक पेढा त्यांना दिला, एक स्वतः घेतला, आणि मला माहीत होतं तसंच बोलला, गेली वीसबावीस वर्षं बोलतो तसं, चांगल्या मनानं, मला मोठेपणा देण्यासाठी. "हिला पण मिळाली होती बरं का. सत्त्याहत्तर साली. आमच्या सासऱ्यांनी पाठवलं नाही."

"हो का?" पद्मजाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून चुकचुकल्या. "जुनी माणसं हो. मुलीच्या जातीला बाहेर पाठवायचं म्हणजे त्यांना..."

मी पर्स अजून खांद्यावरून काढली नव्हती. मी म्हटलं, "अण्णांनी नाही म्हटलं नव्हतं."

अनंत माझ्याकडे बघायला लागला.

"मी घाबरले. मीच पत्र लिहून नाही म्हणून कळवलं. अण्णांनी कोटसुद्धा आणून ठेवला होता. काका विचारायला आले तेव्हा त्यांनी स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं."

पद्मजाबाईंनी उरलेला पेढा हातातच ठेवला, मग टाकीचं उद्या बोलू म्हणाल्या आणि उठून गेल्या. दार लागल्याचा आवाज झाला. मला वाटलं होतं, हे बोलून टाकलं की हलकं वाटेल. काही वाटलं नाही. अनंतनं पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं. तो चिडला आहे की काय तेही मला कळेना. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "पण अण्णांनी मला स्वतः सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"लग्नाच्या आधी. सारसबागेत बोलावून घेतलं होतं मला, एकट्याला. म्हणाले, मी तिला अडवलं, तिचा माझ्यावर राग आहे. तो कधी तुमच्यावर निघाला तर मनाला लावून घेऊ नका, चूक माझी आहे. मी म्हटलं, नाही लावून घेणार. म्हणून तर मी कधी..." तो थांबला. "मला वाटायचं, तुला हे माहीत असेल."

हे मला माहीत नव्हतं. अण्णा त्यानंतर तेरा वर्षं होते. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायची, त्यांच्या शेजारी बसून भाजी निवडायची, आणि मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.